वसईचें जुनें नगर व आपला वारसा



ज्युबिलीच्या वर्षीं मनुष्य सहजच मागें वळून पाहतो. देवळाचा पाया कोणीं घातला, घंटा कोणीं दिली, पहिल्या मिस्सेला किती माणसें होतीं, अशा गोष्टी वडीलधारीं माणसें सांगूं लागतात व तरुण मंडळी ऐकूं लागते. त्या आठवणी या पुस्तिकेंत इतरांनीं लिहिल्याच आहेत. मला मात्र आज आपणांस सोलापुरापासून दूर, समुद्रकांठच्या एका ओसाड नगरांत न्यावयाचें आहे. त्यास कारण आहे. मागें एकदां धर्मशिक्षणाच्या वर्गांत एका मुलानें मला विचारिलें, "फादर, शाळेंतलीं मुलें म्हणतात, तुमचा धर्म साहेबाचा, साहेब गेला, मग तुम्हीच कसे राहिलांत? त्यांना काय सांगूं?" प्रश्न लहान मुलाचा होता, पण उत्तर लहान नव्हतें. त्या वेळीं मीं त्याची दोन शब्दांत समजूत घातली. परंतु माझें स्वतःचें समाधान झालें नाहीं. त्या प्रश्नाचें पुरतें उत्तर वसईच्या पडक्या भिंतींत आहे असें मला वाटतें, म्हणून हा लेख.

किल्ला म्हणजे काय हें सोलापूरकरांस सांगावयास नको. सिद्धेश्वराच्या तळ्याजवळचा आपला भुईकोट किल्ला आपण लहानपणापासून पाहत आलों आहों. अहमदनगरच्या हुसेन निजामशहानें आपली कन्या चांदबिबी विजापूरच्या अली आदिलशहास दिली, तेव्हां हा किल्ला आंदण म्हणून दिला. या सोयरिकीनें दोन घराण्यांचें वैर तात्पुरतें मिटलें व इ. स. १५६५ मध्यें तालिकोटच्या रणांगणावर तीं एकत्र उभीं राहिलीं. पुढें १५७० सालीं दोघांनीं मिळून पोर्तुगीजांना समुद्रांत लोटण्याचा घाट घातला. आदिलशहानें गोव्यास वेढा दिला, निजामशहानें चौलास दिला. पण दोघांनाही यश आलें नाहीं. म्हणजे ज्या काळीं सोलापूरचा किल्ला या घराण्यांतून त्या घराण्यांत जात होता, त्याच काळीं कोंकणच्या किनाऱ्यावर युरोपच्या धर्तीचीं नगरें उभीं राहत होतीं. त्यांत गोव्याच्या खालोखाल मान होता तो वसईचा.

वसई पोर्तुगीजांना मिळाली ती लढाईहून अधिक राजकारणानें. गुजराथचा सुलतान बहादुरशहा याच्यावर दिल्लीचा हुमायून बादशहा चालून येत होता. दोन आघाड्यांवर लढण्याचें बळ नाहीं हें ओळखून बहादुरशहानें २३ डिसेंबर १५३४ रोजीं तह केला व वसई आणि तिच्याखालचा मुलूख पोर्तुगीज गव्हर्नर नुनो द कुन्या याच्या स्वाधीन केला. त्या मुलुखांत साष्टी होती, तशीच मुंबईचीं बेटेंही होतीं. १५३६ पासून किल्ल्याचें बांधकाम सुरू झालें. आधीं लहानशी गढी होती. पुढें नगर वाढत गेलें तसा तट वाढविला. सुमारें दीड मैल घेराचा, तीस फुटांवर उंच असा तो दगडी तट, एका अंगास समुद्राचा दरवाजा व दुसऱ्या अंगास जमिनीचा दरवाजा. उत्तरेकडील सर्व पोर्तुगीज मुलुखाचा सेनापति येथेंच राहत असे. मुंबई तेव्हां वसईच्या हाताखालचें एक साधें ठिकाण होतें. १६६१ च्या करारानें पोर्तुगालची राजकन्या काथरिन इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्स राजास दिली, तेव्हां मुंबई आंदण गेली व १६६५ सालीं इंग्रजांच्या ताब्यांत आली. सोलापूर चांदबिबीचें आंदण, मुंबई काथरिनेचें आंदण! राजांच्या मुलींची लग्नें होत, आणि प्रजेचा मालक बदले.

आतां आपण त्या नगरांत प्रवेश करूं. सिद्धेश्वर एक्सप्रेसनें रात्रीं निघावें, सकाळीं दादरला उतरावें, तेथून पश्चिम रेल्वेनें वसई रोड गांठावें व पुढें पारनाक्यावरून किल्ल्याकडे जावें. मी सेमिनरींत असतांना आम्हां विद्यार्थ्यांना असेंच तेथें नेलें होतें. आंत शिरतांच पहिल्यानें नजरेंत भरतो तो संत जोसेफाच्या मुख्य देवळाचा मनोरा. हें देऊळ सोळाव्या शतकाच्या मध्यास बांधिलें गेलें, आणि १६०१ सालीं, आर्चबिशप आलेशो द मेनेझिश यांच्या कारकीर्दींत, त्याची नव्यानें उभारणी झाली, असें तेथील शिलालेख सांगतो. मनोऱ्याच्या आंतून वळणाचा दगडी जिना वर जातो. वर उभें राहिलें म्हणजे एका बाजूस खाडी, दुसऱ्या बाजूस ताडामाडांचें रान, आणि खालीं छप्पर नसलेलीं देवळें दिसतात.

फ्रान्सिस्कन संन्याशांचें संत अंतोनीचें देऊळ, जेसुइटांचें येशूच्या पवित्र नांवाचें देऊळ, दोमिनिकनांचें संत गोन्सालोचें देऊळ, ऑगस्टिनियनांचा मठ, संत योहानाच्या संघाचें रुग्णालय, अनाथअपंगांसाठीं चालणारी मिझेरिकोर्दियाची संस्था, हें सर्व त्या एका तटाच्या आंत होतें. जेसुइटांच्या देवळाची दर्शनी भिंत आजही उभी आहे. तिचे कोरीव खांब व दारावरील येशूच्या नांवाचीं अक्षरें स्पष्ट दिसतात. संत फ्रान्सिस झेवियर यांचे पाय एकाहून अधिक वेळां या नगरास लागले आहेत. फ्रान्सिस्कनांच्या देवळांत जमिनीवर थडग्यांचे दगडच दगड आहेत. त्यांवर सरदारांचीं नांवें, किताब व घराण्यांचीं चिन्हें कोरलेलीं आहेत. १६७५ च्या सुमारास आलेल्या फ्रायर नांवाच्या इंग्रज वैद्यानें येथील दुमजली वाड्यांचें, सज्जांचें आणि कांचेच्या ऐवजीं शिंपल्यांच्या तावदानांनीं मढविलेल्या खिडक्यांचें वर्णन केलें आहे. आतां त्या वाड्यांच्या जोत्यांवर वडपिंपळ वाढले आहेत आणि जवळच किल्लाबंदर व पाचूबंदर येथील कोळी बांधव बोंबील वाळवीत असतात.

हें वैभव वाचून आपला ऊर भरून यावा, परंतु धर्मगुरूनें अर्धें सत्य सांगूं नये. या नगरांत सूर्यास्तानंतर ख्रिस्ती नसलेल्या माणसास राहण्याची मोकळीक नव्हती. दिवसभर आंत काम करणारे कारागीर व व्यापारी रात्रीं वेशीबाहेर जात. कांहीं ठिकाणीं इतरांच्या पूजास्थानांची मोडतोड झाली. बोरिवलीजवळील मंडपेश्वराच्या प्राचीन शैव लेण्याचें देऊळ करण्यांत आलें. गोव्यांत १५६० पासून इन्क्विझिशनचें न्यायालय बसलें व त्याची दहशत उत्तरेकडेही पोंचली. प्रभूनें कोणाचेंही दार बळानें उघडिलें नाहीं; तो दाराशीं उभा राहून ठोठावतो. जें बळानें केलें गेलें तें त्याच्या नांवानें झालें, हें आपलें दुःख आहे. तें झांकून ठेविल्यानें धर्माची शोभा वाढत नाहीं. स्वतः परमगुरु पोप दुसरे जॉन पॉल यांनीं २००० सालच्या महाज्युबिलींत चर्चच्या लेकरांच्या अशा अपराधांबद्दल जगासमक्ष क्षमा मागितली. आपणही आपल्या लहान ज्युबिलींत तेवढें मोठें मन ठेवावें.

त्याच नगरांत, अदमासें १५५६ सालीं, एक मूल जन्मास आलें. बाप पोर्तुगीज, आई देशी. त्याचें नांव गोन्सालो गार्सिया. थडग्यांवरील सरदारांच्या मानानें हा मुलगा कोणीच नव्हता. जेसुइट पाद्र्यांच्या हाताखालीं तो शिकला, कोवळ्या वयांत त्यांच्याबरोबर जपानास गेला, तेथील भाषा शिकून धर्मशिक्षकाचें काम करूं लागला. त्यांच्या संघांत प्रवेश मिळावा ही त्याची इच्छा मात्र पुरी झाली नाहीं. निराश होऊन त्यानें व्यापार धरिला. त्यांत यशही मिळालें. पण मन रमेना. शेवटीं फिलिपाइन्स बेटांत मनिला येथें फ्रान्सिस्कनांनीं त्याला साधा बंधु म्हणून घेतलें. पुढें पेद्रो बाप्तिस्ता या धर्मगुरूंबरोबर दुभाषी म्हणून तो पुनः जपानास गेला. तेथील सत्ताधीश हिदेयोशी याची मर्जी फिरली. गोन्सालो व त्याचे सोबती पकडले गेले, त्यांचे कान कापण्यांत आले, भर थंडींत त्यांची धिंड काढून त्यांना नागासाकीस नेलें, आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं त्या सव्वीस जणांस क्रुसांवर चढवून भाल्यांनीं भोसकलें. ८ जून १८६२ रोजीं पोप नववे पायस यांनीं त्या सर्वांस संतपद दिलें. हिंदुस्थानांत जन्मलेल्या माणसास मिळालेलें हें पहिलें संतपद होय. वाचकहो, वसईच्या सेनापतींचीं नांवें आज कोणाला आठवतात? पण तेथील देशी आईच्या पोटीं आलेल्या त्या दुभाष्याचें नांव आज जगभर घेतलें जातें.

दुसरी एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. तटाच्या आंत पोर्तुगीज भाषा चालत असे. तटाबाहेरच्या गांवांत मात्र लोक आपली मराठीच बोलत. त्यांच्यासाठीं कांहीं धर्मगुरु मराठी शिकले. गोव्याकडील साष्टींत फादर स्टीफन्स या इंग्रज जेसुइटानें ज्ञानोबाएकोबांच्या ओवीछंदांत ख्रिस्तपुराण रचिलें. तें १६१६ सालीं प्रथम छापिलें गेलें. वसईकडच्या बोलींत फ्रान्सिस्कु वाझ द गिमारायंश या फ्रान्सिस्कन संन्याशानें प्रभूच्या दुःखसहनावर पद्यमय पुराण लिहिलें व तें १६५९ सालीं लिस्बन येथें रोमन लिपींत छापिलें. हें पुराण उपवासकाळांत घरोघर व देवळांत गाइलें जाई. ज्यांना लिहितांवाचतां येत नव्हतें, त्यांच्याही ओठीं तें बसलें.

नगराचें दैव मात्र फिरत चाललें होतें. १६७४ सालीं मस्कतच्या अरब चांच्यांनीं वसईवर उतरून तटाबाहेरचीं देवळें लुटिलीं. किल्ल्यांतील शिबंदी भीतीनें आंतच बसून राहिली. त्या शतकाच्या अखेरीस साथीच्या रोगानें वस्ती उजाड केली. १६९५ सालीं आलेल्या जेमेल्ली करेरी या इटालियन प्रवाशास नगराचा मोठा भाग ओस दिसला. सरदार ऐषआरामांत व आपसांतील तंट्यांत गुंतले होते. शेवटीं पेशव्यांचे बंधु चिमाजी अप्पा यांनीं वसईस वेढा दिला. बुरुजांखालीं सुरुंग पेरले गेले, दोन्हीं बाजूंचे पुष्कळ शूर पुरुष कामास आले, आणि १६ मे १७३९ रोजीं पोर्तुगीजांनीं किल्ला स्वाधीन करण्याचें मान्य केलें. पुढें आठवड्याभरांत त्यांची फौज आपल्या निशाणासह बाहेर पडली. नवस फेडण्यासाठीं वज्रेश्वरीचें मंदिर उभें राहिलें. मराठ्यांच्या इतिहासांतील हा मोठा विजय आहे, आणि मराठी ख्रिस्ती माणसास त्याचा विषाद वाटण्याचें कारण नाहीं. विजेत्यांनीं शरण आलेल्यांस मानानें जाऊं दिलें, व जे ख्रिस्ती मागें राहतील त्यांस आपला धर्म पाळतां यावा हें तहांत मान्य केलें. चिमाजी अप्पांचें हें औदार्य आपल्या मुलांनाही ठाऊक असावें.

वसईच्या देवळांतील घंटा मराठे सरदारांनीं विजयचिन्ह म्हणून नेल्या. नाशिकास गोदेच्या कांठीं नारोशंकराच्या मंदिरांत एक आहे, भीमाशंकरास एक आहे, वाईजवळ मेणवलीच्या घाटावर नाना फडणविसांच्या वाड्यापाशीं एक आहे. मेणवलीच्या घंटेवर बाळ येशूस घेतलेल्या पवित्र मरियेची आकृति अजून दिसते. ज्या घंटा मिस्सेची वर्दी देत होत्या, त्या आतां आरतीच्या वेळीं वाजतात. त्या परत मागाव्या असें मला कधीं वाटलें नाहीं. त्या आपल्याच देशांत, आपल्याच माणसांच्या प्रार्थनेस हांक देत आहेत, आणि त्यांस इतकीं वर्षें जपणाऱ्यांचे आपण आभारीच असावें.

आतां त्या मुलाच्या प्रश्नाकडे येऊं. साहेब गेला, मग काय झालें? सेनापति गेला, सरदार गेले, मठ ओस पडले, पोर्तुगीज कुटुंबें गोव्यास निघून गेलीं. हा धर्म जर केवळ त्यांचाच असता, तर त्यांच्या गलबतांबरोबर तोही गेला असता. पण तटाबाहेरच्या पापडी, सांडोर, नंदाखाल, आगाशी, रमेदी अशा गांवांत जे शेतकरी, माळी व कोळी होते ते राहिले. त्यांस ना राजाश्रय, ना बिशप जवळ. गोव्याहून आलेले मूठभर देशी धर्मगुरु त्यांची सेवा करीत. आळीआळींतील क्रुसापाशीं संध्याकाळीं जपमाळ होई. नव्या भाताचीं कणसें देवळांत आणून त्यांवर आशीर्वाद मागण्याचा आगेऱ्याचा सण पाळला जाई. सामवेदी स्त्रिया लाल लुगडीं नेसत, लग्नांत आपल्या बोलींतलीं गीतें गात. वाडवळ आपल्या केळीच्या बागा राखीत. रमेदी हें गांवाचें नांव पोर्तुगीज 'रेमेदियुश' या शब्दापासून झालें; पण त्या नांवानें आज जी माऊली ओळखली जाते, तिच्याकडे यात्रेस येणाऱ्या बायामाणसांच्या तोंडीं गाऱ्हाणें असतें तें मराठी. देवालयास तेथें 'देऊळ'च म्हणतात.

या समाजानें पुढें महाराष्ट्रास काय दिलें तें पाहा. फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे नंदाखालचे. 'सुवार्ता' मासिकाचे ते अनेक वर्षें संपादक होते, त्यांनीं बायबलचें सुबोध मराठींत भाषांतर केलें व वसईची हिरवळ वांचावी म्हणून लढा दिला. जानेवारी २०२० मध्यें आपल्या शेजारच्या उस्मानाबाद येथें, म्हणजे आजच्या धाराशिवांत, अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलें, त्याचे अध्यक्ष तेच होते. एक कॅथॉलिक पाद्री सगळ्या मराठी सारस्वताच्या अध्यक्षपदीं बसला, हें सोलापूरच्या वेशीजवळ घडलें. २०२४ सालीं ते प्रभूघरीं गेले. वसईस स्वतःचा धर्मप्रांत मिळाला तो १९९८ सालीं, किल्ला पडल्यावर अडीचशें वर्षांहून अधिक काळानें. त्याचे पहिले बिशप थॉमस डाबरे हे तेथीलच भुईगांवचे. २००९ सालीं त्यांची नेमणूक पुणें धर्मप्रांतावर झाली, आणि अशा रीतीनें वसईचा एक शेतकरीपुत्र आपणां सोलापूरकरांचाही मेंढपाळ झाला.

पोर्तुगीजांचें जें खरोखर या मातीस मानवलें, तें इतकें आपलें झालें आहे कीं तें परक्यांचें होतें हेंही कोणास आठवत नाहीं. पाव, बटाटा, काजू, चावी, घमेलें हे शब्द त्यांचेच. आपल्या आजोबांनीं सोलापूरच्या जुन्या गिरणींत महिनाभर घाम गाळून जो 'पगार' घरीं आणिला, तोही शब्द पोर्तुगीजच. त्या पगाराला साहेबाचा पगार म्हणून कोणी नाकारिलें काय? तो आपल्या कष्टाचा होता, म्हणून तो आपला होता. श्रद्धेचेंही तसेंच आहे. ती कोणीं आणिली हा प्रश्न खरा, पण तिच्यासाठीं घाम कोणीं गाळिला हा त्याहून मोठा प्रश्न आहे.

बंधुभगिनींनो, ज्युबिली म्हणजे हिशेबाचें वर्ष. वसईच्या नगरानें आपल्या श्रीमंतीचा हिशेब दगडांत ठेविला. ते दगड पडले. खेड्यांनीं आपला हिशेब जपमाळेंत, पुराणांत व लेकरांच्या तोंडीं ठेविला. तो अजून चालू आहे. म्हणून आपल्या देवळाचा रंग, फरशी, नवा मनोरा यांचा विचार जरूर करावा, पण त्याआधीं तीन गोष्टी तपासाव्या. आपल्या घरांत संध्याकाळीं एकत्र प्रार्थना होते काय? आपल्या मुलांस ती आपल्या भाषेंत समजते काय? आणि आपल्या दाराबाहेर, रात्र पडल्यावर, एखादा शेजारी परका म्हणून उभा तर नाहीं ना? वसईच्या नगरानें हा शेवटला प्रश्न स्वतःस विचारिला नाहीं, आणि ज्यांस रात्रीं वेशीबाहेर काढिलें त्यांतील कोणी त्याच्या तटासाठीं रडला असेल असें मला वाटत नाहीं.

ज्या मुलानें मला प्रश्न विचारिला त्याला मी आतां सांगेन : "बाळ, साहेब गेला तो आपलें सामान घेऊन गेला. प्रभु येशू त्याच्या सामानांत नव्हता. तो तुझ्या आजीच्या जपमाळेंत राहिला."

संत गोन्सालो गार्सिया, आमच्या या लहानशा धर्मग्रामासाठीं प्रार्थना कर. तुझ्या नगराचें वैभव नव्हे, तुझी निष्ठा आम्हांस लाभो.